गड्डीगोदाम ते खापरी

प्रिय बाळा,
जय ख्रिस्त.

परवा उपासनेनंतर चहा घेताना तू म्हणालास की मावशी, प्रार्थनेला बसलो की पाच मिनिटांत डोकं मिहानच्या ऑफिसात पोचतं, ऑफिसचे मेसेज, गाडीचा ईएमआय, क्रिकेटचा स्कोर सगळं तेव्हाच आठवतं, देवच तेवढा राहून जातो. मी हसले. तुला वाटलं असेल चेष्टा करते, पण नाही रे बाप्पा, मला माझंच आठवलं, म्हणून लिहायला बसले, फोनवर तू नुसता हो हो करतोस.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाला नाडी मोजायला शिकवली. ठोके अनियमित असले तर पूर्ण एक मिनिट मोजायचे, 15 सेकंद मोजून चारने गुणलं तर चालत नाही. आणि नेमकं चाळीस-पन्नासला पोचलं की कोणीतरी हाक मारणार, कुठेतरी ट्रे पडणार, गेला आकडा! मी रडकुंडीला यायची. आमच्या सिस्टर म्हणायच्या, बोट मनगटावरून उचलू नको, घड्याळ बघ आणि परत एकपासून धर, रडत काय बसलीस. मी प्रार्थना खरं तर तिथेच शिकले. तुझं काय होतं माहीत आहे का, लक्ष गेलं की तू पुढची दहा मिनिटं स्वतःलाच झापत बसतोस, मी असा काहून, माझा विश्वासच कमी, वगैरे. त्या दहा मिनिटांत पण तू स्वतःबद्दलच विचार करतोस ना? स्कोर आठवला तर आठवला, परत एकपासून.

आता दुसरी गोष्ट, ही मला फार उशिरा कळली. नाईट ड्यूटीला पहाटे वॉर्ड जरा शांत व्हायचा तेव्हा मी ड्यूटी रूममध्ये पवित्र शास्त्र, आपलं बायबल, उघडायची. एक म्हातारी पेशंट रोज त्याच वेळेला पाणी मागायची, तहान कमी आणि भीती जास्त. एकदा मी तिच्यावर खेकसले, दोन मिनिटं थांबता येत नाही का म्हणून, आणि परत येऊन वाचायला घेतलं तर समोर मार्कचा पाचवा अध्याय. याईराची 12 वर्षांची मुलगी मरायला टेकली आहे, प्रभू घाईत निघाला आहे, आणि रस्त्यात 12 वर्षं रक्तस्रावाने गांजलेली ती बाई मागून येऊन वस्त्राला शिवते. तो थांबतो! शिष्य वैतागलेत, बापाचा जीव टांगणीला, आणि हा तिचं सगळं ऐकून घेतो, तिला मुली म्हणतो. मी पुस्तक तसंच उघडं ठेवून त्या म्हातारीला पाणी द्यायला गेले. तेव्हापासून अशा हाकेला मी व्यत्यय म्हणत नाही, तुझ्या आईने गॅस सिलिंडर उचलायला हाक मारली तर तूही म्हणू नको. रील म्हणजे व्यत्यय. दोन्ही एका तराजूत घालायचे नाहीत.

फोनबाबत मात्र मी कडक आहे. रात्री चार्जिंगला स्वयंपाकघरात लाव आणि सकाळी कागदाचं शास्त्र उघड, ॲप नको, वचनावरच नोटिफिकेशन येऊन बसतं. प्रभू स्वतः अंधार असतानाच उठून एकांतात जायचा. आपल्याकडे मे महिन्यात तसंही पहाटे पाचलाच काय ती हवा असते, कूलर बंद करून गच्चीवर जायचं. आपले कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला जात होते तेव्हा डब्यात एका अनोळखी परदेशी माणसाशी गप्पा झाल्या, त्याने नवा करार हातात दिला, आणि 1895 मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आज तोच डबा असता तर दोघंही मान खाली घालून बसले असते.

तू गड्डीगोदामला मेट्रोत चढतोस आणि खापरीला उतरतोस. निदान अजनीपर्यंत कानात काही घालू नको. कस्तुरचंद पार्कला एक माणूस, झिरो माईलला दुसरा, सीताबर्डीला ज्याच्यावर राग आहे तो, गर्दी असतेच तिथे. एवढी नावं देवापुढे ठेव, पुढे गाणी ऐक, माझं काही म्हणणं नाही. ऑफिसात मॅनेजरने काही विचारलं तर बायबलमधला नहेम्या आठव, राजाने प्रश्न केला आणि उत्तर द्यायच्या आधी उभ्याउभ्याच त्याने प्रार्थना केली, राजाला कळलंही नसेल.

आणि हो, चर्चचं काम. हे लिहू की नको असं झालं होतं, कारण तुझ्याशिवाय यूथचं पान हलत नाही. माईक तू, प्रोजेक्टर तू, नाताळचं डेकोरेशन तू. पण प्रभू घरी आला तेव्हा मार्थासुद्धा त्याच्यासाठीच रांधत होती रे, दुसऱ्या कोणासाठी नाही, आणि तरी तिचीच तारांबळ उडाली आणि बहिणीची तक्रार पण तिनेच केली. मागच्या रविवारी संदेश कशावर होता विचारलं तर तुला सांगता येईल? मी बघत होते, तू सगळा वेळ त्या खरखरणाऱ्या स्पीकरकडे बघत होतास.

तर या रविवारी वायर दुसऱ्या कोणाला तरी लावू दे, खरखरला स्पीकर तर खरखरू दे. माझ्या बाकावर येऊन बस, डावीकडून तिसरा, पंखा तिथे बरा लागतो.

तुझी,
मावशी