स्वभावाकडे बोट दाखवण्याआधी

सामाजिक मानसशास्त्र नुकतंच वाचायला घेतलंयस, तर व्याख्या पाठ करत बसू नकोस. घरापासून सुरुवात कर.

माझा थोरला भाऊ इथं सोलापुरात यंत्रमागावर रात्रपाळी करायचा. सकाळी केसांवर सुताची पांढरी लव घेऊन यायचा आणि चहाची कपबशी हातात धरून गप्प बसायचा. वहिनीला वाटायचं, माणूसच तुसडा. रात्रभर मागांचा खडखडाट ऐकलेल्याला आणखी आवाज नको असतो, हे मलासुद्धा फार उशिरा कळलं. त्याचं वाईट अजून वाटतं. परिस्थिती सोडून स्वभावावर खापर फोडायच्या या सवयीला मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये नाव दिलं: मूलभूत गुणारोपण दोष.

लिऑन फेस्टिंगर यांचा १९५४ चा सामाजिक तुलनेचा सिद्धांतही वाच. माणूस स्वतःला आपल्यासारख्यांशीच ताडून पाहतो. म्हणून तर परक्याच्या बंगल्यापेक्षा चुलतभावाचा फ्लॅट जास्त सलतो.

पण एक सांभाळ. 'परिस्थिती समजून घे' म्हणत कुणालाही मारहाण सोसायला लावू नकोस. कुणाची झोप, जेवण उडालं असेल तर स्वतः उपचार करायला जाऊ नकोस. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर दे, तो चोवीस तास चालू असतो.