गाडीचं नाव नको, माप सांगा
वाचक विचारतात : वाहन आणि देखभाल

प्रश्न : माझ्या वडिलांची १९९४ सालची प्रीमियर पद्मिनी आमच्याकडे कारेलीबागेत आहे. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा गाडी निम्म्या दारापर्यंत पाण्यात उभी होती. इंजिन सुरू झालं, वायरिंग नवं केलं, सीटसुद्धा शिवून घेतल्या. अडलंय ते ब्रेकवर. चाकांमधले, ब्रेकचे शू ढकलणारे व्हील सिलिंडर आतून गंजून जाम झालेत, शूवरचं घासणारं लायनिंग सुटून आलंय आणि पेडलमागचा, तेल पुढे ढकलणारा मास्टर सिलिंडर गळतोय. रावपुऱ्यापासून छाणी रोडपर्यंत स्पेअर पार्ट्सची दुकानं पालथी घातली. सगळीकडे एकच वाक्य, "बेन, आनो सामान हवे नथी आवतो" (ताई, याचं सामान आता येत नाही). एका दुकानदाराने कॉम्प्युटरवर बघून "ही गाडीच यादीत नाही" म्हणून सांगितलं. ऑनलाइन मागवलेलं रबर किट आलं, पण पाकीट पिवळं पडलेलं आणि आतले कप, म्हणजे सिलिंडरमधून तेल गळू न देणारी रबरं, दाबले तर तडे दिसत होते. शेवटी एकाने दुसऱ्याच गाडीचे मागचे सिलिंडर दिले, "हे चालून जाईल" म्हणाला. आमचे मिस्त्री म्हणतात, सिलिंडर ज्यावर बसतात त्या प्लेटचं भोक थोडं कानशीने मोठं केलं की बसतील. मी त्यांना थांबवलंय. हे बसवू का? कुर्ल्याच्या भंगार बाजारातून जुने पार्ट आणावेत का? की आता गाडी विकून टाकावी? वडील ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना एकदा याच गाडीतून पावागढच्या डोंगरावर माचीपर्यंत जायचं आहे.
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : ताई, मिस्त्रींना थांबवलंत ते फार चांगलं केलंत. गाडी विकायची गरज नाही. तुमचे ब्रेक वडोदऱ्यातच उभे राहू शकतात. फक्त पार्ट शोधायची पद्धत बदलावी लागेल.

आधी माल का मिळत नाही ते सांगतो, म्हणजे दुकानदारांवरचा राग थोडा कमी होईल. पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनायला लागली, आधी फियाट ११०० डिलाइट या नावाने. २००० च्या सुमारास उत्पादन थांबलं. तरी पुढे बरीच वर्षं तिचे पार्ट मिळत होते, कारण मुंबईत हजारो पद्मिनी टॅक्सी धावत होत्या. रोज दिवसभर पळणाऱ्या गाडीला लायनिंग, कप, सिलिंडर सतत लागतात, आणि खप आहे तोवर माल बनतो. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवलेली होती, ती ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. टॅक्सी संपत गेल्या तसा तो खपही गेला. घराघरांत जपून ठेवलेल्या थोड्या गाड्यांसाठी कोण माल भरून ठेवणार? दुकानदार खोटं बोलत नाही. त्याच्या यादीत तुमची गाडी खरोखरच नाही.

म्हणून गाडीचं नाव सांगून पार्ट मागणं आता सोडा. ब्रेकचा रबर कप पद्मिनीचा किंवा अँबेसेडरचा नसतो, तो सिलिंडरच्या आतल्या व्यासाचा असतो. जुन्या कपाच्या कडेला किंवा सिलिंडरच्या अंगावर बऱ्याचदा ते माप उठवलेलं असतं. सहा सूत म्हणजे पाऊण इंच, १९.०५ मिलिमीटर, सात सूत म्हणजे साधारण २२.२, इंची म्हणजे २५.४. उठवलेलं माप वाचता येत नसेल तर सिलिंडर स्वच्छ करून, जिथे कप फिरत नाही त्या न झिजलेल्या टोकाला व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावा. पुढचा आणि मागचा सिलिंडर एकाच मापाचा असेल असं गृहीत धरू नका. चारही चाकं आणि मास्टर सिलिंडर वेगवेगळे मोजून वहीत लिहा. मग जुना कप हातात घेऊन दुकानात जा आणि "या मापाचा कप द्या" एवढंच म्हणा. गाडी कोणती हे त्यांनी विचारलं तरी शेवटी सांगा. ट्रक, टेम्पो आणि तीनचाकींचं हायड्रॉलिकचं काम करणाऱ्या दुकानांत मापावर कप विकायची पद्धत अजून आहे, तिथून सुरुवात करा.

आता तुम्हाला दिलेल्या त्या दुसऱ्या गाडीच्या सिलिंडरबद्दल. ते परत करा, आणि दुकानदाराने घेतले नाहीत तरी गाडीला लावू नका. कानशीने भोक मोठं केलं की सिलिंडरला नीट बैठक उरत नाही, प्रत्येक ब्रेकला तो प्लेटवर हलत राहतो. पण त्याहून मोठी गोष्ट मापाची आहे. समजा मागे सहा सुताचा सिलिंडर हवा होता आणि सात सुताचा बसवला. ऐकायला फरक एका सुताचा. पण ब्रेकचा जोर व्यासावर नाही, क्षेत्रफळावर ठरतो. सहाचा वर्ग छत्तीस, साताचा एकोणपन्नास. म्हणजे मागच्या चाकांवरचा जोर एक-तृतीयांशाहून जास्त वाढला. जोरात ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि नेमकी तीच आधी जाम होतात. ओल्या रस्त्यावर गाडीची शेपूट फिरते. हे मी वर्कशॉपमध्ये मुलांना फळ्यावर मांडून शिकवायचो आणि आजही प्रत्येक मिस्त्रीला सांगतो, कारण "चालून जाईल" हे वाक्य आरशाबद्दल, हँडलबद्दल, दाराच्या रबराबद्दल मला मान्य आहे. ब्रेकबद्दल नाही.

असाच घोटाळा आट्यांचा होतो. दहा मिलिमीटरच्या बारीक आट्यांचा पाइप-नट आणि तीन सुताचा इंची नट हातात घेतले तर सारखेच वाटतात. इंची नट दहा मिलिमीटरच्या भोकात दोन-चार आटे जातोसुद्धा, सैलसर. घट्ट केला की आटे खातो, आणि पुढे कधीतरी भर जोरात ब्रेक दाबल्यावर गळतो. नट बोटांनी शेवटपर्यंत जायला हवा, न डुगडुगता. मिस्त्रींना हे एकदा करून दाखवायला सांगा.

मग सिलिंडर आणायचे कुठून? माझं स्पष्ट मत आहे की तुमचेच जुने सिलिंडर वाचवा. ओतीव अंग तुमच्या गाडीचं, भोकं आणि आटे तुमच्या प्लेटला जुळणारे. खराब झालीय ती फक्त आतली भिंत. हलका गंज असेल तर होनिंग करून, म्हणजे आतून बारीक घासून, निघतो. जिथे कप फिरतो तिथे नखाला लागतील असे खड्डे असतील तर होनिंगच्या मागे लागू नका, कारण खड्डे जाईपर्यंत घासलं तर माप मोठं होतं आणि कप सैल पडतो. अशा वेळी स्लीव्ह घालायची. सिलिंडर आतून मोठा करून त्यात पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची बाही दाबून बसवतात आणि ती पुन्हा मूळ मापाला आणतात. मकरपुरा जीआयडीसीत अचूक बोरिंग आणि होनिंग करणारी छोटी वर्कशॉप आहेत. तिथे गाडीबद्दल काही बोलावं लागत नाही, माप आणि नमुना पुरतो. सोबत नवा कप न्या आणि "याला बसेल असं करा" म्हणा. काम झाल्यावर दोन गोष्टी बघा : तेल आत येण्याचं बारीक भोक स्लीव्हमधूनही उघडलेलं आहे ना, आणि त्या भोकाच्या कडेला धार राहिलेली नाही ना. धार राहिली तर नवा कप पहिल्याच आठवड्यात चिरतो. मास्टर सिलिंडरला तर अशी दोन भोकं असतात आणि त्यातलं एक अगदी सुईएवढं असतं. ते बुजलं तर पाय उचलल्यावरही ब्रेक सुटत नाहीत, शू ज्यांना घासतात ते चाकांमधले ड्रम तापतात.

कुर्ल्याच्या भंगार बाजाराचं विचारलंत. तिथे किंवा मुंबईतच ऑपेरा हाउसजवळच्या जुन्या दुकानांत जाण्यात अर्थ आहे, पण फक्त लोखंडासाठी. ड्रम, शूची चौकट, बॅकिंग प्लेट, हँडब्रेकचे लिव्हर हे जुने चालतात. ड्रम घेताना बोट आतून फिरवून पाहा. काठाला उंच कड जाणवली तर तो तेवढा झिजलेला आहे. चीर असेल तर हातातून खाली ठेवा. लेथवर किती घासता येईल याला मर्यादा असते. तुमच्याकडचे ड्रम बरे असतील तर तेच ठेवा. रबर मात्र जुनं कधीही घेऊ नका, पाकीट कितीही मूळ कंपनीचं आणि सीलबंद असलं तरी. रबर माळ्यावर नुसतं पडून म्हातारं होतं. तुमच्या पिवळ्या पाकिटातले तडे म्हणजे तेच. होज पाइप, म्हणजे ब्रेकच्या तेलाची रबरी नळी, तीही त्याच हिशेबातली. बाहेरून धडधाकट दिसणारा जुना होज आतून सुजतो, पाय दाबला की तेल पुढे जाऊ देतो आणि परत येऊ देत नाही. मग चाक धरून राहतं आणि लोक उगाच सिलिंडर बदलत बसतात. होज तिन्ही-चारही नवेच घ्या. लांबी, दोन्ही टोकांचे आटे आणि टोकाची घडण जुन्याशी ताडून पाहा.

पुराच्या पाण्यानंतर गाडीखालच्या स्टीलच्या पाइपांवर भरवसा ठेवू नका. ते बाहेरून गंजून खाल्ले जातात, विशेषतः क्लिपांच्या खाली. तिथे फ्रिजची तांब्याची नळी वाकवून लावायची काही ठिकाणी सवय आहे. ती मिस्त्रींना लावू देऊ नका. तांबं सततच्या थरथरीने कडक होतं आणि फ्लेअरपाशी, म्हणजे नळीच्या पसरवलेल्या टोकापाशी, चिरतं. ब्रेकसाठी बनवलेली स्टीलची नळीच घ्या आणि टोकाचा फ्लेअर जुन्यासारखाच काढून घ्या.

लायनिंग सर्वांत सोपं. शूची चौकट नेली की ट्रकचं लायनिंग करणारे कारागीर त्यावर नवं लायनिंग रिव्हेट करून किंवा चिकटवून देतात. एका धुरीवरचं, म्हणजे डावं-उजवं, एकाच वेळी आणि एकाच जातीचं करून घ्या, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. आणि एक कळकळीची विनंती : १९९४ च्या गाडीत जुनं लायनिंग असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडल्यावर ती काळी भुकटी हवेच्या पाइपने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. वडिलांना त्या वेळी जवळ उभं राहू देऊ नका. मिस्त्रींनाही तोंड बांधायला सांगा. ते हे काम रोज करतात.

माचीच्या घाटाबद्दल. चारही चाकांना ड्रम असलेली गाडी उताराला सतत ब्रेकवर धरली तर ड्रम तापून फुगतात, लायनिंगची पकड जाते, पेडल असून गाडी थांबत नाही. म्हणून चढताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक मधूनमधून आणि ठाम दाबा. पण त्याआधी महिनाभर गाडी शहरात चालवा. नवं लायनिंग ड्रमला घासून बसायला वेळ लागतो, त्या काळात शू एक-दोनदा ॲडजस्ट करावे लागतील आणि कुठे गळत असेल तर तेही घराजवळच कळेल. रोज सकाळी ब्रेकच्या टाकीतली तेलाची पातळी बघायचं काम वडिलांकडे द्या. पातळी जराही उतरली तर पावागढ पुढे ढकला.

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीचे सर्व ब्रेक-कप नवे घातले, तरी काही आठवड्यांत ते फुगून मऊ झाले आणि चाकं धरून राहू लागली. ब्रेक ऑइल गॅरेजवाल्याने सुट्या डब्यातून भरलं होतं. कप खोटे होते का?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : कपांना दोष देण्याआधी त्या सुट्या तेलाकडे बघा. आपण बोलताना ब्रेक ऑइल म्हणत असलो तरी ते खनिज तेल नसतं, ग्लायकॉलवर बनलेला द्रव असतो. त्याच डब्यात कधी इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं तेल ठेवलेलं असेल तर थोड्याशा अंशानेही ब्रेकचं रबर फुगतं. आणि एकदा असं तेल गेलं की नुसतं काढून नवं भरणं पुरत नाही. मास्टरपासून चाकांपर्यंत सगळे कप आणि होज पुन्हा बदला, लोखंडी पाइप स्पिरिटने धुऊन वाळवा. पुढे फक्त सीलबंद बाटली, डॉट ३ किंवा डॉट ४ असा दर्जा छापलेली. डॉट ५ मात्र भरू नका, तो सिलिकॉनचा असतो आणि या दोन्हींत मिसळत नाही. हा द्रव हवेतलं पाणी ओढून घेतो. कोरडा असताना डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतो, पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. म्हणून उघडलेली अर्धी बाटली वर्षभर जपून ठेवू नका आणि गाडीतला द्रव दोन वर्षांनी बदला. गॅरेजमधल्या तेलाची शंका असेल तर नवा कप मोजा, काचेच्या बाटलीत त्या तेलात काही दिवस बुडवून ठेवा आणि परत मोजा. व्यास डोळ्यांना दिसेल इतका वाढला असेल तर ते तेल गाडीत घालू नका, आणि गॅरेजवाल्याला तो कप नेऊन दाखवा.