सरकारला माल विकायचा म्हणतेस, तर

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे बाबा भेटले होते. मिरजोळे एमआयडीसीतल्या गाळ्यात ताडपत्र्या आणि बोटींची कव्हरं शिवायचं काम जोरात आहे, आणि आता तुला कोस्ट गार्डला माल द्यायचाय, असं म्हणाले. मला फार आनंद झाला. आपल्या किनाऱ्याला वर्दीतलं गिऱ्हाईक काही कमी नाही. रत्नागिरी आणि मुरूड-जंजिऱ्याला तटरक्षक दल आहे, उरणजवळ करंजाला नौदल, वर माझगाव डॉक, खाली वास्कोला गोवा शिपयार्ड. पण पहिली ऑर्डर यांचीच हवी असा हट्ट धरू नकोस. कोकण रेल्वे, मेरीटाईम बोर्ड, मत्स्यव्यवसाय खातं, दापोलीचं कृषी विद्यापीठ, ताडपत्री सगळ्यांनाच लागते. अशा ठिकाणी वेळेत दिलेल्या लहान ऑर्डरींचे कागद पुढे संरक्षण खात्याच्या बिडला, म्हणजे निविदेला, अनुभव म्हणून जोडता येतात.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, झाली नसेल तर आधी ती कर. आधार आणि पॅनवर घरबसल्या होते, एक पैसा लागत नाही. नोंदणी करून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नकोस. त्या नोंदणीत तू उत्पादक म्हणून दिसली पाहिजेस, व्यापारी म्हणून नाही, आणि शिवणकामाचा कोडही बरोबर पडला पाहिजे. इथे चूक झाली की सवलती हातच्या जातात. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खात्यांनी आणि कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के माल सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. त्या २५ पैकी ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहेत. बयाणा रक्कम, म्हणजे बिडसोबत भरायची अनामत, माफ होते. मोठ्या कंपनीचा दर सगळ्यात कमी आला आणि तुझा त्याच्या १५ टक्क्यांच्या आत असला, तर तिच्या दराला यायची तयारी दाखवून तुला ऑर्डरचा वाटा मिळू शकतो. हा तुझा हक्क आहे. मागताना संकोच करायचं कारण नाही.

मग जेम, म्हणजे सरकारी खरेदीचा ऑनलाइन बाजार. २०१६ ला सुरू झालेल्या या पोर्टलवरून आता केंद्राची बहुतेक खरेदी होते. राज्याच्या निविदा महाटेंडर्स या संकेतस्थळावर येतात. तिथे डिजिटल सिग्नेचर लागते, ती वेळेवर काढून ठेव. दोन्हीकडे रोज सकाळी दहा मिनिटं नजर टाकायची सवय लाव.

आता मुद्द्याचं. बिड शेवटच्या पानापर्यंत वाच, आणि खरेदीदाराने जोडलेल्या जादा अटी दोनदा वाच. बोटीच्या कव्हरचंच घे. कापडाचा जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम वजन), रंग, शिवणीचा धागा एवढं सगळे बघतात. पण आत कुठेतरी एक ओळ असते: आयलेट (दोरी ओवायच्या भोकाची धातूची कडी) पितळी, अमुक मापाची, इतक्या अंतरावर. बाजारात पितळेचा मुलामा दिलेली लोखंडी आयलेट स्वस्तात मिळते आणि दिसायला तीच. माल तपासणारा माणूस खिशातून लोहचुंबक काढतो, आयलेटला लावतो, आणि ते चिकटलं की सगळा लॉट परत. त्याने नाही लावलं तरी आपलं खारं वारं काही सोडत नाही. एका पावसाळ्यात भोकाभोवती गंज धरतो, कापड फाटतं, आणि भर वादळात कव्हर उडून जातं. त्या बोटीवर आपलीच पोरं असतात गं. म्हणून पितळ म्हटलं की पितळच घाल, आणि दर पितळेचाच धरून भर.

कापडाला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल मागितला असेल तर नमुना मुंबईला जाऊन अहवाल यायला वेळ लागतो. बिड उघडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा जे कापड तू नेहमी वापरतेस त्याचा ताजा अहवाल फाइलला ठेव. अट समजली नाही तर मुदतीत लेखी विचार. फोनवर कोणी काय सांगितलं त्याला काही अर्थ नसतो.

दर काढताना घाई नको. कापड, आयलेट, धागा, मजुरी, वीज, कटिंगमध्ये वाया जाणारं, चाचणी, भाडं, आणि पैसे येईपर्यंतचं बँकेचं व्याज, हे सगळं कागदावर उतरव. व्याज धरायचं राहतं आणि तिथेच माणूस बुडतो. उशीर झाला तर बहुतेक कंत्राटांत आठवड्याला अर्धा टक्का दंड कापतात, तो १० टक्क्यांपर्यंत जातो. जून ते सप्टेंबरमध्ये डिलिव्हरी पडत असेल तर घाटात दरड आली तर काय, याचा विचार बिड भरण्याआधी कर. ऑर्डर मिळाली म्हणून पेढे वाटणारे आणि सहा महिन्यांनी मशीन विकणारे मी आपल्याच तालुक्यात पाहिलेत. परवडत नसेल ते बिड सोडून दे. त्यात कसलाही कमीपणा नाही.

पैशाचं नीट समजून घे. जेमवर माल पोचला की आधी तात्पुरती पोच मिळते, मग तपासून स्वीकृतीचा दाखला, आणि त्यानंतर १० दिवसांत पैसे द्यायचे असा नियम आहे. प्रत्यक्षात उशीर होतो. एका कार्यालयात माझं बिल केवळ सही करणाऱ्या साहेबांची बदली झाली म्हणून अडकून पडलं होतं. कायदा तुझ्या बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्यानुसार माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट, महिन्यामहिन्याने चढणारं व्याज लागतं. तक्रार सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येते. पण त्याआधी सौम्य पत्र, मग स्मरणपत्र, आणि प्रत्येकाची पोच. अडीच लाखांवरच्या कंत्राटाच्या बिलातून जीएसटीचे २ टक्के कापून घेतात. ते तुझ्या जीएसटी खात्यात जमा झालेत का हे दर महिन्याला बघत जा, नाहीतर आपलेच पैसे पडून राहतात.

ऑर्डर मिळवून देतो म्हणणारी माणसं तुला नक्की भेटतील. चहा पाज आणि वाटेला लाव. पासवर्ड आणि आधारचा ओटीपी कोणालाही देऊ नकोस, सीएच्या पोराला सुद्धा नाही.

एक अगदी साधी गोष्ट. आपल्याकडे वीज आणि नेट ऐन वेळी जातं. बिड बंद व्हायच्या तासाला भरायला बसू नकोस, आदल्या दिवशीच भरून टाक. जानेवारी ते मार्च खात्यांना निधी संपवायचा असतो, तेव्हा बिडं भराभर येतात. कापडाचा साठा आणि बँकेच्या कर्जाची लिमिट दिवाळीनंतर लगेच बघून ठेव.

कव्हरचं जे बिड तू बघून ठेवलंयस त्याच्या जादा अटींची पानं आणि तुझा दराचा कागद मला व्हॉट्सॲपवर पाठव. रविवारी सकाळी मी गाळ्यावर येतो, आयलेटची पाकिटंही काढून ठेव.

तुझा,
काका