डिझेलची मोटरहोम गॅसवालीच्या दुप्पट अ‍ॅव्हरेज देते का?

तुम्ही विचारलंय की तुमचा भाऊ अमेरिकेत मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी घेतोय, विक्रेता त्याला ‘डिझेलवाली गॅसवालीच्या दुप्पट अ‍ॅव्हरेज देते’ असं सांगतोय, ते खरं मानायचं का? आणि इथे इंदूरला तुम्हाला तशी गाडी बनवून घ्यायची झाली तर डिझेल घ्यावी की गॅस?

माझं देवास नाक्यावर इंजिनात डिझेल फवारणाऱ्या पंप-नोझलचं वर्कशॉप आहे, सत्तावीस वर्षं हेच काम करतोय. डिझेल हीच माझी रोजीरोटी आहे, तरी सांगतो: दुप्पट नाही. एकाच आकाराच्या, एकाच वजनाच्या दोन गाड्या घेतल्या तर डिझेलवाली लिटरमागे पंचवीस, फार तर तीस टक्के जास्त जाते. याहून मोठा आकडा कोणी सांगत असेल तर तो दोन वेगळ्याच गाड्यांची तुलना करतोय.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. अमेरिकेत गॅस म्हणजे गॅसोलिन, आपलं पेट्रोल. आपल्याकडे गॅस म्हटलं की सीएनजी. तुमच्या प्रश्नातले दोन ‘गॅस’ वेगळे आहेत, म्हणून उत्तरंही वेगळी आहेत.

2019 साली आम्ही दोघं मुलाकडे डेन्व्हरला गेलो होतो. त्याने चार दिवसांसाठी मोटरहोम भाड्याने घेतली. फोर्डच्या ई-450 चासीवरची, आत 6.8 लिटरचं दहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. मुलगा चालवत होता आणि मी शेजारी बसून प्रत्येक पंपावरची पावती डायरीत लिहीत होतो. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून 1,600 मीटरवर, आणि तिथून पश्चिमेला जाताना आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत रस्ता जवळजवळ 3,400 मीटरवर चढतो. त्या चढावर गाडीने दोन गिअर पाडले, इंजिनाचे फेरे दाखवणारा टॅकोमीटरचा काटा चार हजारांच्या वर गेला आणि मागे कपाटातली भांडी वाजायला लागली. वेग मात्र वाढेना. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा; बिनटर्बोचं इंजिन दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद गमावतं, म्हणजे त्या बोगद्याशी त्याची एक तृतीयांश ताकद हवेतच गेलेली असते. टर्बोवाल्या डिझेलला हा त्रास फार कमी.

चार दिवसांचा हिशेब निघाला गॅलनला साडेआठ मैल, म्हणजे लिटरला 3.6 किलोमीटर. मुक्कामाच्या जागी शेजारी एक म्हातारं जोडपं मर्सिडीज स्प्रिंटरवर बांधलेली डिझेल मोटरहोम घेऊन आलं होतं. त्यांची गाडी पंधरा मैल देत होती, लिटरला साधारण 6.4. मुलगा लगेच म्हणाला, “बाबा, बघा, दुप्पट!” मी त्या गाडीभोवती एक चक्कर मारली. आमच्या गाडीपेक्षा ती अरुंद होती आणि पुढून बुटकी. तिच्या चासीची भरल्या वजनाची मर्यादा 5,000 किलो, आमच्या चासीची 6,577. इंजिन तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं. फरकातला मोठा वाटा त्या लहान अंगाचाच होता. विक्रेते बहुतेक हीच जोडी समोर ठेवतात.

मग डिझेलचा खरा फायदा येतो कुठून? पहिली गोष्ट इंजिनाच्या आधीची आहे. डिझेल पेट्रोलपेक्षा जड असतं, म्हणून एका गॅलन डिझेलमध्ये ऊर्जाच सुमारे 13 टक्के जास्त भरलेली असते. हे तेरा टक्के इंजिनाने काहीच न करता मिळतात. उरलेलं इंजिनाचं. पेट्रोल इंजिनाला हवा आणि इंधन ठरलेल्या प्रमाणातच लागतं, त्यामुळे कमी ताकद हवी असली की थ्रॉटलची झडप अर्धवट मिटून हवाच अडवावी लागते. अर्धं नाक दाबून धावण्यासारखं आहे ते. डिझेल इंजिन हवा पूर्ण घेतं आणि फक्त इंधनाचा फवारा कमी-जास्त करतं. त्यात दाबही मोठा: पेट्रोलमध्ये हवा साधारण दहापट दाबली जाते, डिझेलमध्ये पंधरा ते अठरापट.

फवारा शब्द मी जपून वापरतोय. टेस्ट बेंचवर चांगलं नोझल लावलं की धुक्यासारखा बारीक, सगळीकडे सारखा फवारा पडतो. खराब नोझल एका बाजूने धार सोडतं. ती धार नीट जळत नाही, काळा धूर होऊन बाहेर जाते, आणि मालक म्हणतो गाडीचं अ‍ॅव्हरेज गेलं. तेव्हा जुनी डिझेल मोटरहोम बघायला गेलात तर चढावर मागे धूर किती टाकते ते स्वतः उतरून बघा. डिझेलचा सगळा फायदा त्या बारीक भोकांवर उभा आहे.

आता मोठ्या गाड्या. अमेरिकेत बसएवढ्या मोटरहोम असतात, इंजिन मागे, त्यांना डिझेल पुशर म्हणतात. त्या गॅलनला सात-आठ, हलक्या असल्या तर नऊ-दहा मैल देतात. पेट्रोलवाल्या मोठ्या मोटरहोमचं अ‍ॅव्हरेजही तेवढंच. मग फायदा कुठे गेला? पुशरचं वजन बरेचदा पेट्रोलवालीच्या दीडपट ते दुप्पट असतं. डिझेल तिथे जास्त वजन ओढतंय, जास्त किलोमीटर देत नाही. भावाला नेमकी कुठली गाडी घ्यायची आहे हे कळल्याशिवाय ‘डिझेल की पेट्रोल’ला उत्तर नाही.

आणि विक्रेत्याकडे सरकारी आकडा मागून उपयोग नाही. अमेरिकेत 8,500 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 3,850 किलोंच्या वरच्या मोटरहोमला अ‍ॅव्हरेजचं सरकारी लेबल लावावंच लागत नाही. म्हणूनच तिथे कोणीही काहीही आकडा सांगू शकतो, आणि मला या गोष्टीचा मनापासून राग येतो, कारण लोक आयुष्याची पुंजी त्या आकड्यावर घालतात.

पैशाचं गणित तर वेगळंच. तिथे डिझेलवर केंद्राचा कर गॅलनला 24.4 सेंट, पेट्रोलवर 18.4, आणि पंपावरही डिझेल बहुधा महागच असतं. समजा भाऊ वर्षाला 10,000 किलोमीटर फिरला. पेट्रोलवाली 3.6 देते, तेवढीच डिझेलवाली 4.5. वर्षाला साडेपाचशे लिटर वाचले, ऐकायला छान. पण पेट्रोल साडेतीन डॉलर आणि डिझेल चार डॉलर गॅलन धरा, हाती उरतात जेमतेम 220 डॉलर. डिझेल गाडीची जास्तीची किंमत हजारो डॉलरांत असते. शिवाय 2010 नंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत धूर साफ करायला 32.5 टक्के युरियाचं पाणी, म्हणजे डीईएफ, वेगळं भरायचं. घाट चढायचे असतील, गाडी दहा-बारा वर्षं ठेवायची असेल, तर डिझेल जरूर घ्या. नुसतं इंधन वाचवायला म्हणून नको.

आता इंदूर. इथे प्रश्न सोपा आहे, कारण उभं राहता येईल एवढ्या उंचीची पेट्रोल व्हॅन आपल्याकडे मिळत नाही. पीथमपूरला बनते ती फोर्सची ट्रॅव्हलर घ्या, तीच मीही घेतली, 2.6 लिटरचं डिझेल. ती मुळात मर्सिडीजच्या जुन्या टी-1 व्हॅनवरून आली, आणि स्प्रिंटर हा त्याच टी-1चा पुढचा अवतार. डेन्व्हरला शेजारी उभी होती ती आपल्या ट्रॅव्हलरची चुलत बहीणच.

सीएनजीची ट्रॅव्हलरही असते, पण मोटरहोमसाठी मी नको म्हणेन. पाण्याची आणि सांडपाण्याची टाकी खाली जिथे बसवायची ती जागा सिलिंडरांना लागते. आणि सीएनजी किलोवर मिळतो. एका किलोत डिझेलच्या लिटरपेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त ऊर्जा असते, म्हणून किलोला बारा आणि लिटरला बारा हे सारखे नाहीत. इथे पुष्कळ जण फसतात.

माझी रिकामी गाडी साडेअकरा देत होती. पलंग, ओटा, दीडशे लिटर पाणी, वर एसी आणि कॅरिअर चढल्यावर 9.2 झाली. फक्त कॅरिअर काढलं आणि 9.8 वर आली. हवेची अडवणूक वेगाच्या वर्गाने वाढते: 80 वरून 100 ला गेलात की ती 56 टक्क्यांनी वाढते. सेंधवा-धुळे रस्त्यावर मी सत्तरच्या वर जात नाही. खलघाटला नर्मदेवरून परत इंदूरला यायचं तर चारशे मीटर चढायचं असतं. चार टनांच्या गाडीला नुसत्या त्या उंचीसाठीच सव्वा लिटरच्या आसपास डिझेल लागतं, मग कितीही हळू चालवा. मुक्कामाला इंजिन चालू ठेवून एसी लावला तर तासाला लिटरभर गेलंच समजा.

मोजायचं असेल तर टाकी ते टाकी मोजा. त्याच पंपावर, त्याच मशीनवर, पहिल्या ऑटो-कटला थांबून. वर आणखी शंभर रुपयांचं ठासून भरू नका, आकडा तिथेच बिघडतो. पाचशे किलोमीटरच्या आतलं माप धरू नका.

भावाला म्हणावं, घेण्याआधी गाडी पाण्याच्या भरल्या टाकीसकट ट्रकच्या वजनकाट्यावर चढवून ये. ते वजन, गाडीची उंची-रुंदी आणि इंजिन कोणतं एवढं इथे लिहा, किती अ‍ॅव्हरेज मिळेल ते मी काढून देतो.