तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : चोरबाजारातलं विमानाचं मीटर

प्रश्न : मटण स्ट्रीटवरून एक जुनं काळं गोल मीटर घेतलंय. तीन काटे, ० ते ९ आकडे, छोट्या खिडकीत १०१३ दिसतं. मागे मुकुट, त्याखाली ए.एम. आणि ६ए/ ने सुरू होणारा नंबर. दुकानदार म्हणतो स्पिटफायरचं (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश फायटर विमान) आहे, खरं का? आकडे अंधारात चमकत नाहीत, घासून परत रंगवू का? - एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी शेवटचं सांगतो, घासू नका आणि काच तर अजिबात उघडू नका! त्या काळी अशा डायलवर बहुतेक वेळा रेडियमचा, म्हणजे किरणोत्सर्गी धातूचा, रंग असायचा, आता चमकत नाही कारण रंगातलं चमकणारं झिंक सल्फाइड थकलंय, रेडियम मात्र तसंच आहे, ते निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात. त्याची धूळ श्वासातून आत गेली की धोका. काच शाबूत असेल तर शोकेसमध्ये ठेवा, फक्त उशाशी नको आणि मुलांच्या हातात नको. काच फुटलेली असेल तर भंगारात देऊ नका, नीट पिशवीत बंद करा आणि अणुशक्तीनगरला अणुऊर्जा नियामक मंडळ आहे त्यांना विचारा.

आता ओळख. तुमच्याकडे आहे ते अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं मीटर. लांब काटा शेकडे फूट, मधला हजार, सगळ्यात छोटा दहा हजार. खिडकीतला आकडा हवेच्या दाबाचा, मिलिबारमध्ये. अमेरिकन असतं तर तिथे २९.९२ च्या आसपासचे आकडे दिसले असते, कारण ते पाऱ्याच्या इंचात मोजतात. मुकुट आणि ए.एम. म्हणजे ब्रिटिश एअर मिनिस्ट्री, हे खातं १९६४ मध्ये संरक्षण मंत्रालयात विलीन झालं, तेव्हा माल त्याआधीचा धरा. ६ए हा त्यांच्या स्टोअरचा विमानाच्या मीटरांचा विभाग.

स्पिटफायरचं म्हणाल तर एवढ्यावरून कोणीच सांगू शकत नाही. एकच मीटर फायटरमध्येही बसायचं, बॉम्बरमध्येही आणि ट्रेनिंगच्या विमानातही, त्यामुळे विमानाचं नाव लावून जास्त पैसे मागितले तर कागद दाखव म्हणायचं, नसेल तर साध्या मीटरचाच भाव द्यायचा.

चालतं का ते घरीच बघता येतं. हवामान खात्याचा त्या दिवसाचा मुंबईचा दाब बघा (हेक्टोपास्कल आणि मिलिबार एकच), नॉबने खिडकीत तो आकडा लावा, काटे शून्याजवळ यायला हवेत. पावसाळ्यात दाब बराच उतरतो, तेव्हा १०१३ वरच ठेवलंत तर तळमजल्यावर बसूनही मीटर दोनेकशे फूट उंची दाखवेल, ते बिघडलंय असं समजू नका. मग एखाद्या टॉवरच्या लिफ्टने विसाव्या मजल्यावर जा, लांब काटा साधारण दोन आकडे पुढे सरकला पाहिजे. अडकला तर काचेवर बोटाने हलकेच टिचकी मारा, विमानात इंजिनाची थरथर असते, घरात ती नाही ना.

प्रश्न : माझ्याकडच्या मीटरवर रशियन अक्षरं आहेत, आकडे १६०० पर्यंत, मागे दोन नळ्या. मिगचं का? - एक वाचक, मुलुंड

उत्तर : सोव्हिएत स्पीड मीटर आहे, ताशी किलोमीटरमध्ये. एका नळीत समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब, दुसरीत आसपासच्या स्थिर हवेचा, दोन्हींच्या फरकावरून वेग कळतो. अल्टिमीटरला एकच नळी पुरते. आपल्याकडे मिग-२१ १९६३ पासून यायला लागली, पण नुसत्या डायलवरून मिग ठरवता येणार नाही. मागच्या प्लेटवरचा टाइप आणि सीरियल नंबर स्वच्छ दिसेल असा फोटो पाठवा. रंगाचा नियम इथेही तोच, घासायचं नाही.