रोमन सेनापती स्टिलिको खरंच फितूर होता का?

माझ्या मते नाही. वडील व्हँडल या जर्मानिक टोळीतले, आई रोमन. पण त्याची सगळी हयात रोमच्या चाकरीत गेली. सम्राट थिओडोसियसने आपली पुतणी सेरेना त्याला दिली. 395 मध्ये सम्राट वारला, तेव्हा साम्राज्याच्या पश्चिम भागाच्या गादीवर आला त्याचा दहा वर्षांचा मुलगा होनोरियस. पुढची तेरा वर्षं कारभार प्रत्यक्षात स्टिलिकोनेच ओढला. 402 मध्ये उत्तर इटलीतल्या पोलेंशियाला त्याने गॉथ या जर्मानिक टोळीचा राजा अलारिक याला अडवलं, 406 मध्ये फ्लोरेन्सजवळ दुसरा गॉथ सरदार राडागाइसस याचा फडशा पाडला.

मग फितुरीचा ठपका कशामुळे? अलारिक दोनदा हातातून निसटला, आणि 408 मध्ये त्याला 4,000 पौंड सोनं द्यायला स्टिलिकोने सिनेटला भाग पाडलं. पण तेव्हा ऱ्हाइनपलीकडच्या टोळ्या गॉलमध्ये (आजच्या फ्रान्समध्ये) घुसल्या होत्या, ब्रिटनमधून तिसरा कॉन्स्टंटाइन बंड करून उठला होता. एवढ्या आघाड्यांवर लढायला माणसं होती कुठे? मला तरी तो व्यवहार शहाणपणाचाच वाटतो.

दरबारातल्या ऑलिम्पियसने सम्राटाचे कान भरले. स्टिलिकोने रावेनातल्या चर्चमध्ये आसरा घेतला होता. त्याचे लोक शस्त्रं घेऊन सोडवायला तयार होते, पण त्यानेच त्यांना थांबवलं आणि 22 ऑगस्ट 408 रोजी मान पुढे केली. फितूर माणूस असा वागत नाही! त्यानंतर रोमन सैन्यातल्या परक्या शिपायांच्या बायकामुलांची कत्तल झाली, ते हजारोंनी अलारिकला जाऊन मिळाले, आणि 410 मध्ये रोम लुटलं गेलं.