भुवई गेली, आता वही काढ

तू साफ करतोयस त्या रंगीत काचेच्या खिडकीचे, रात्री साडेअकराला पाठवलेले सात फोटो पाहिले. खाली एक ओळ होती, ‘काका, भुवई गेली.’ पाच मिनिटांनी दुसरी आली, ‘मालकांना सांगितलं नाहीये, तशीच रंगवून टाकू का?’ तेव्हाच फोन केला असता तर ओरडलो असतो, म्हणून सकाळी चहा घेऊन लिहायला बसलो.

काचेवर रंगवलेल्या चेहऱ्याची भुवई तुझ्या ओल्या बोळ्यानं गेली हे खरं, पण ती सुटायला तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी सुरुवात झाली होती. त्या चेहऱ्यावरच्या रेघा म्हणजे लोखंडाची किंवा तांब्याची भस्मं आणि काचेची पूड. हे मिश्रण डिंकाच्या पाण्यात कालवून लावायचं आणि साडेसहाशे अंशांच्या आसपास भाजून काचेशी एकजीव करायचं. 1860-70च्या दशकांत इंग्लंडमधल्या काही कारखान्यांनी हा रंग कमी आचेवर वितळावा म्हणून त्यात टाकणखार घातला. आपला सोनार डाग देताना वापरतो तोच. रंग पटकन बसला, सगळे खूश झाले. पण ओल लागत राहिली की असा रंग टिकत नाही, त्याची पकड सुटते आणि तो नुसत्या भुकटीसारखा काचेवर बसून राहतो. तांबड्या झग्याचं काही बिघडत नाही, कारण ती काच मुळातच तांबडी. चेहऱ्याची काच फिकी असते, तिथं सगळा खेळ रेघेचा, म्हणून चेहरा आधी जातो. त्यात तुझा बंगला खंडाळ्यात. चार महिने धुकं आणि आतल्या बाजूनं काचेवर पाणी. खिडकी त्याच काळातली दिसते, आणि झालं ते याच जातीचं आहे असं फोटोंवरून मला वाटतं.

आता रागाचं. कोपऱ्यातला एक तुकडा, भिंग, तिरपा उजेड, मग कोरडा मऊ ब्रश, आणि रंग घट्ट आहे अशी खात्री पटली तरच ओला बोळा. हे तुला पाठ आहे. मालक जिन्याखाली उभे राहून ‘चकचकीत करा’ म्हणत होते आणि तू घाई केलीस. यावर जास्त बोलत नाही. मीही केली आहे.

मुद्दा वेगळाच आहे. सात फोटोंमध्ये तुझ्या वहीचा एकही फोटो नाही.

काल किती वाजता, कुठल्या तुकड्यावर, कुठलं पाणी वापरून भुवई गेली, हे लिहिलंस का? नसेल लिहिलं तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी ते लिही. लिहून झालं की मालकांना दाखव. ते ओरडतील, कदाचित काम काढून घेतील. घेऊ देत.

1989 साली मी सव्वीस वर्षांचा होतो. पावसाळ्यातल्या एका वादळात एका चर्चची खिडकी आत पडली. त्यातल्या एका संताचा डावा हात मनगटापासून चुरा झाला होता. मी तो नवा केला. गोदामात पडलेल्या जुन्या तावदानातून काच कापली, शेजारच्या उजव्या हातावरून बोटं उतरवली, नखांच्या कडेला बारीक सुईनं रंग खरवडून उजेड काढला. तीनदा भाजलं. एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण मी शेवटी दिव्याची काजळी आणि जवसाचं तेल चोळून त्यावर शंभर वर्षांची कळकट चढवली. उस्ताद चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘कुठला रे?’ नवा हात कुठला ते त्यांनाही ओळखता आलं नव्हतं. त्या दोन शब्दांवर मी पुढची दहा वर्षं जगलो.

तुकड्याच्या कडेवर, काचा जोडणाऱ्या शिशाच्या पट्टीखाली झाकलं जाईल अशा जागी, तारीख आणि दोन अक्षरं कोरायला एक मिनिट लागलं असतं. मी कोरली नाहीत. त्यानंतर तिथं दुसऱ्या लोकांनी काम केलं, आणि त्यांच्या अहवालात तो हात ‘मूळ’ म्हणून नोंदला गेला आहे. पर्यटकांना घेऊन येणारा एक वाटाड्या त्याच हाताकडे बोट दाखवून म्हणतो, बघा, इंग्रज कारागिराची नजाकत. मी मागच्या बाकावर बसून हे ऐकलं आहे. छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

तेव्हा नोंद ठेवायला मला कुणी शिकवलं नव्हतं, कंत्राटदाराला ऑक्टोबरच्या आत खिडकी उभी हवी होती आणि मजुरी तुकड्यावर होती. हे सगळं खरं आहे, आणि हातही चांगला झाला आहे. पण ही कारणं मी पस्तीस वर्षं स्वतःलाच ऐकवतो आहे, त्यावरून काय ते समज.

कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये मी तुला नेलं होतं ते आठवतं? चर्च 1858चं, काच न्यूकॅसलच्या विल्यम वेल्सच्या कारखान्यातली. हे आपण छातीठोक सांगतो, कारण कुणीतरी ते लिहून ठेवलं. राजाबाई टॉवर ज्यानं आखला तो गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलाच नाही, लंडनहून कागद आले आणि त्यावरून 1878 साली मनोरा उभा राहिला. उलट आपल्या घरांतल्या दारांवरच्या अर्धगोल तावदानांचं बघ. हिरव्या, निळ्या, लाल. कुणी बसवली, काच कुठून आली, काही ठाऊक नाही. प्रत्येक मालक म्हणतो, ‘बेल्जियमची आहे हो.’ जगातली प्रत्येक रंगीत काच बेल्जियमचीच असते! वही नसली की असं होतं.

तर भुवई. त्या काचेवर ब्रश टेकवायचा नाही. न भाजलेला रंग नको, आणि ती काच पुन्हा भट्टीत तर मुळीच नको, उरलेला चेहराही हातचा जाईल. दीड मिलिमीटरची साधी पातळ काच त्या तुकड्याच्या आकारात काप. उजेडाच्या टेबलावर चेहऱ्याच्या मागे धर आणि पुसट खूण दिसते तेवढीच भुवई त्या नव्या काचेवर काढ. नाकाची रेघ सुधारायचा मोह होईल, ती सुधारू नकोस. नवी काच भाज, मागून लाव, दोन्ही एकाच शिशाच्या पट्टीत घे. पट्टी रुंद खाचेची लागेल, माझ्याकडे आहे. उद्या कुणाला तुझी भुवई पटली नाही तर ती काढून टाकता येईल. आणि कडेवर तारीख. हिऱ्याच्या टोकानं, वाचता येईल अशी. वहीत तुकड्याचा नंबर, कागदावर मेणखडूनं घेतलेला खिडकीचा ठसा, आणि ‘मूळ भुवई साफ करताना माझ्या हातून गेली’ हे वाक्य. ‘आढळली नाही’ नव्हे. ‘माझ्या हातून’.

पहिल्या फोटोत टेबलावर शिशाच्या पट्ट्यांशेजारी वडापाव दिसतोय. रक्तातलं शिसं शेवटचं कधी तपासलंस? या महिन्यात तपास, मला आकडा कळव.

मंगळवारी तो तुकडा घेऊन ये. कापसात गुंडाळू नकोस, तंतू रंगाला धरतात. चपट्या डब्यात, रंगाची बाजू वर, आणि तिला काही टेकणार नाही असा ठेव. लोकलनं येऊ नकोस, टॅक्सीचे पैसे मी देतो. वही आण. माझीही काढून ठेवतो. 1989चं पान कोरं आहे, आणि त्या हाताचं माझ्या शब्दांत लिहायला बसलो की पेन अडतं. तू समोर बसून लिहून घे, मी सांगतो.